तात्यांच्या टीव्हीची पट्टी

धारहून देवासला जाणारी बस अजून सुटायची होती. वीरेंद्ररावांना जरा डुलकी काढायची होती, पण पुढच्या बाकावर एका आत्याची अन् तिच्या भाच्याची जुंपलेली. भाच्याच्या मांडीवर डब्यात एक इवलंसं सर्किट.

“मनन, तुझ्या बापानं, तात्यानं, बजावलंय, टीव्हीला तुझा हात लागता कामा नये. दोनदा पडद्यामागच्या दिव्यांची, त्या बॅकलाइटची पट्टी जाळलीस!”

“आत्या, तेव्हा सीधा सप्लाय दिला होता. पट्टीतला एलईडी तापला की जास्त करंट ओढतो, अन् ओढला की अजून तापतो.”

“तात्याच की मग! एक जिलबी पोटात गेली की दुसरीसाठी ताट पुढे.”

“बिल्कुल! आता हे दोन ट्रान्झिस्टर बघा. एक ताटात वाढतो. दुसरा नजर ठेवतो, जास्त पडायला लागलं की पहिल्याचा हात धरतो. मग पट्टीनं कितीही मागू दे.”

“असा वाढपी पंगतीत आला तर माणसं उपाशी उठतील रे.”

“उपाशी नाही, आत्या. पचेल तेवढंच.”

“चालवून पाहिलंस?”

“नव्या पट्टीवर रोज चालवतो. पट्टी जेमतेम कोमट होते. पण तात्या ऐकतील तर ना! माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत.”

“त्याला विचारायचंच कशाला? दुपारी तो लवंडला की बसव गुपचूप. पडदा उजळला तर तूच सांग, ‘मी केलं.’”

“आणि नाही उजळला तर?”

“तर मी सांगेन, पुसता पुसता माझ्याच हातून आणखी बिघडला. थोरली बहीण आहे मी. मला बोलायची टाप नाही त्याची.”