शेजाऱ्याची सही

वाढत्या समुद्राशी झुंजायला सारी मानवजात एकवटली आहे. किनारा नियोजन कार्यालयात ती एकाच खिडकीपुढे एकवटली होती, आणि कारकूनबाई जेवायला गेल्या होत्या. त्या परतल्यावर माझ्यापुढच्या आजोबांनी अर्ज आत सरकवला.

"बाई, नकाशात बंधारा माझ्या घराच्या मागून नेलाय. तो पुढून घ्या."

"इथे शेजाऱ्याची सही राहिली, आजोबा."

"शेजारी समुद्र आहे. त्याचा अंगठा चालेल?"

"थट्टा पुरे. डावीकडचे कुठे गेले?"

"मुलीकडे. कायमचे."

"आणि उजवीकडचे?"

"त्यांचं घरच गेलं, मागच्या उधाणात."

"मग तुम्ही तिथे राहता, हे सांगणार कोण?"

"मीच सांगतोय की! चाळीस वर्षं राहतोय."

"स्वतःचं स्वतः सांगून चालत नाही. शेजाऱ्याची सही नसली की घर रिकामं धरतात. आणि रिकाम्या घरासाठी बंधारा पुढे घेत नाहीत."

"अहो, पण मी हा तुमच्यासमोर उभा आहे ना!"

"तुम्ही आहात हो. घर रिकामं आहे."

"मग आता?"

"घर रिकामं असल्याची नोटीस निघेल."

"ती कुठे येईल?"

"तुमच्या घरी. मंगळवारी दुपारी घरीच थांबा."