माशांच्या पसंतीची वाळू

सून : बाबा, थुंका. आधी थुंका, मग बोला.

सासरे : थांब गं. अजून नीट दाताखाली आली नाही.

सून : अहो, वाळू कुणी खातं का?

सासरे : खातोय कुठे? चाखतोय. खारट वाळू भिंतीत गेली की गिलाव्याला फोड येतात. जन्मभर गवंडीकाम केलं, नव्या ढिगाची पहिली चिमूट कायम या तोंडात. ही बघ, खारटपणाचं नाव नाही. एकदम फर्स्ट क्लास माल.

सून : पण आपल्याला भिंत कुठे बांधायचीय? माशांच्या टाकीत टाकायचीय.

सासरे : मग मासे तरी कुठे समुद्रातले आहेत? गोड्या पाण्यातले म्हणालीस ना? ते तुझे... काय ते...

सून : सिक्लिड.

सासरे : तेच. हात कर पुढे. दाब मुठीत. कशी करकरते बघ! कणाकणाला धार आहे. ही वाळू सिमेंटला एकदा बिलगली की हातोड्यालासुद्धा दाद देत नाही. गुडघा ठणकत असताना बांधकामावर जाऊन, ढिगाच्या पोटातून काढून आणलीय तुझ्यासाठी. वरवरची नाही.

सून : बाबा, रागावणार नाही ना?

सासरे : म्हणजे रागावण्यासारखं काहीतरी आहे.

सून : ही नाही चालायची. धार आहे ना, म्हणूनच नाही चालायची. तुम्ही आत्ता जे केलंत तेच हे मासे दिवसभर करतात. तोंड भरून वाळू घ्यायची, चघळायची, खाण्याचा कण तेवढा ठेवून घ्यायचा आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडून द्यायची.

सासरे : कल्ल्यांतून? म्हणजे गालांतून?

सून : गालांतूनच म्हणा. आत चाळण असते त्यांच्या.

सासरे : वा रे पठ्ठे! आम्हाला चाळायला दोन माणसं लागायची, वर धूळ खायची ती वेगळी.

सून : मग धारेची वाळू त्या नाजूक चाळणीतून गेली की आतून सोलवटणार नाही का? इकडे या. ही मादी. ओठ बघा तिचा.

सासरे : लाल झालाय की गं.

सून : हे तात्पुरते रंगीत खडे टाकलेत ना, ते उचलायला जाते आणि लागतं तिला. धड जेवत नाही परवापासून.

सासरे : असले भडक खडे आणले कुणी पण?

सून : तुमच्या चिरंजीवांनी.

सासरे : तरीच. लग्नात सदराही असलाच घेतला होता त्याने. फोटोत नवरी कोण ते शोधावं लागतं.

सून : हसवू नका, मला खरंच रडू येतंय. माझ्या अण्णांनी किती जपलेत हे मासे. या जोडीचे आजे-पणजे त्यांच्याच टाकीत जन्मले. घर सोडून अण्णा दादाकडे राहायला गेले, तिथे त्यांची खाटच कशीबशी मावली. म्हणून टाकी माझ्याकडे दिली. आणि सामान हलवताना हमालांनी काय करावं? टाकी हलकी करायची म्हणून सगळी जुनी वाळू अंगणात ओतून दिली!

सासरे : मग दुसरी जोडी आणू आपण. दुकानं काय कमी आहेत?

सून : दुसरी मिळेल हो, अण्णांची नाही मिळणार. ही शेवटची उरलीय, आणि हिचंही वय झालंय. आता पिल्लं झाली तर झाली, नाहीतर संपलं. रोज फोनवर आधी माशांची चौकशी करतात, मग माझी.

सासरे : हं. मग कसली वाळू लागते तुझ्या माहेरच्या मंडळींना?

सून : नदीची. बारीक, गोल, गुळगुळीत कणांची. पांढरीफेक नको, खाली लख्ख असलं की ते बिचकून फिके पडतात. आणि शिंपल्यांचा चुरा तर मुळीच नको, त्याने पाणी जड होतं, ते यांना मानवत नाही. ...हसताय काय?

सासरे : अगं, असल्या वाळूच्या गाड्याच्या गाड्या परत पाठवल्यात मी! गोल कण सिमेंट धरत नाही, निसटतो. लबाड वाळू म्हणायचो आम्ही तिला. एका गाडीवाल्याशी तर त्यावरून अशी जुंपली होती की अजून तो मला बघून रस्ता बदलतो. आणि आता त्याच्या दारात जाऊन म्हणू, ‘बाबा रे, तुझी ती लबाड वाळू दे बादलीभर’?

सून : म्हणाल?

सासरे : म्हणेन की. काम सोडल्यापासून वाळूतलं कुणी काही विचारलंच नव्हतं मला. तू विचारलंस. बरं वाटलं बघ. माझी काठी दे.

\* \* \*

सून : ओता हे पाणी. अजून गढूळच आहे.

सासरे : तुझ्या सासूबाई मघापासून खिडकीतून बघताहेत. म्हणतात, आयुष्यात एकदा तांदूळ धुतले नाहीत या माणसाने, आणि आज वाळू धुतोय.

सून : हात दुखले असतील तर राहू द्या, मी करते.

सासरे : दुखायला काय झालंय? असं खालून वर घोळायचं, मग गाळ सुटतो. बोटांनी नुसतं चिवडून नाही होत.

सून : गाडीवाला काय म्हणाला ते सांगा ना.

सासरे : मला फाटकात बघितलं आणि गाडीच सुरू केली गड्याने. त्याला वाटलं, म्हातारा जुनं भांडण उकरून काढायला आला. मी आपला मागून ओरडतोय, ‘थांब, पास आहे, तुझी वाळू पास आहे!’ तेव्हा थांबला. कशासाठी हवीय ते ऐकलं आणि गाडीच्या पायरीवरच बसला पोट धरून. म्हणाला, ‘तुम्ही पास करेनात, शेवटी माशांनी केली.’ चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. उगाच इतकी वर्षं तोंड फिरवून होतो आम्ही.

सून : आता थोडी बरणीत घ्या, पाणी घाला आणि जोरात...

सासरे : हे मला शिकवू नकोस. बरणी हलवायची, ठेवायची, खाली वाळू आणि वर माती बसते. आम्हीही तेच करायचो. ही बघ, वर काही बसत नाही. नितळ.

सून : मग आता माझी परीक्षा. या कोरड्या चिमटीवर व्हिनेगरचे दोन थेंब. फसफसलं तर शिंपले आहेत... बाबा, कान काय लावताय?

सासरे : फसफस ऐकतोय.

सून : डोळ्यांनी दिसते ती.

सासरे : असेल. ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही.

सून : पास! चला आत. मासे बादलीत आहेत, खडे काढून झालेत. ओतू नका हं, या बशीवरून हळूच सोडा, म्हणजे गढूळ होणार नाही. दोन-तीन बोटं जाडी पुरे.

सासरे : सरक. इथे माझा हात लागतो... घे. तळहातासारखी सपाट जमीन झाली. बिनथापीची!

सून : छान झालीय. आता बघा हं, सोडते दोघांना.

सासरे : खाली गेली. वास घेतेय का?

सून : शू. घेतली! तोंडात घेतली, बाबा!

सासरे : थुंकली तर नाही ना?

सून : गाल बघा, गाल! सुटली बघा वाळू, कशी धूर सोडल्यासारखी!

सासरे : अगं ए, सोड ती खिडकी आणि आत ये लवकर! मासा वाळू चाखतोय! हुबेहूब माझ्यासारखा!

\* \* \*

(काही दिवसांनंतरची सकाळ. टाकीसमोर दोघं.)

सून : माझी तर मतीच गुंग झालीय. ओठ बरा झाला, जेवण सुधारलं, रंग तर असा चढलाय की बघत राहावं. मग अडलंय कुठे?

सासरे : होईल गं. घाई कसली?

सून : रात्री मी दिवा बंद करते तेव्हा दोघं त्या कोपऱ्यात जीव तोडून वाळू उपसत असतात. तोंडाने एकेक घास उचलून बाजूला टाकतात. आणि सकाळी बघावं तर खड्डा गायब! अण्णा म्हणतात, असं कधी पाहिलं नाही. खड्डा तयार झाल्याशिवाय ही मादी अंडी घालायची नाही.

सासरे : म्हणजे... खड्डा त्यांना हवा असतो?

सून : हवा म्हणजे काय! पिल्लं बाहेर आली की त्यातच नेऊन ठेवतात. पाळणा आहे तो त्यांचा.

सासरे : अस्सं. पाळणा.

सून : बाबा.

सासरे : काय?

सून : तुमची उजवी बाही कोपरापर्यंत ओली आहे.

सासरे : चूळ भरताना उडालं असेल.

सून : कोपराने चूळ भरता? आणि माझी पट्टी इथे टाकीमागे काय करतेय? हीही ओली. बाबा!

सासरे : आता हे बघ. सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठतो. समोर टाकी. आणि आत जमीन ही अशी उखडलेली! इकडे ढीग, तिकडे खड्डा. गवंड्याच्या घरात! मला वाटलं, पंपाच्या झोताने होतंय. म्हटलं, पोरगी दिवसभर कामावर राबते, तिच्या नजरेला पडायच्या आत सारखं करून ठेवावं.

सून : रोज?

सासरे : रोज. काचेला चारी कोपऱ्यांवर खडूच्या खुणा आहेत बघ. एक सूतभर फरक सापडला तर नाव बदलीन.

सून : थांबा, मला बसू दे. अहो, पोट दुखायला लागलं माझं!

सासरे : हस तू. तो नर माझ्या हाताला चावायचा रोज. मला वाटायचं, ओळख पटली, लाडात आलाय.

सून : लाडात? तुम्ही रोज त्याचं घर पाडत होतात!

सासरे : आणि तो बिचारा रोज पुन्हा बांधत होता. तक्रार नाही, काही नाही. माझं काम कुणी असं रोज मोडलं असतं तर मी थापी फेकून घरी आलो असतो. ...सूनबाई, उशीर तर नाही ना झाला? वय झालंय म्हणाली होतीस. माझ्या पायी अण्णांचं सगळं संपलं, तर त्यांना काय तोंड दाखवू मी?

सून : नाही हो. आहेत अजून जोमात. तुम्ही फक्त हात खिशात ठेवायचे.

सासरे : खड्डा दिसला तरी?

सून : दिसला तरी.

सासरे : वाकडा असला तरी?

सून : वाकडाच असणार!

सासरे : अवघड आहे. पट्टी तुझ्याकडे ठेव. आणि हा खडूही घेऊन जा.

\* \* \*

सासरे : हॅलो, व्याहीबुवा? मीच बोलतोय. नाही, नाही, घरी सगळे ठणठणीत. सूनबाई काचेला नाक लावून बसलीय, फोन धरायला हात मोकळा नाही म्हणते, म्हणून स्पीकरवर टाकलाय.

व्याही : तुमचा आवाज ऐकला आणि काळजात चर्र झालं हो. आडवळणाने सांगू नका. मादी गेली ना? मी मनाची तयारी केलेली आहे.

सासरे : तयारी आवरा ती. बाळंतीण झालीय तुमची मादी. उगाच आशा नको म्हणून लेक अंड्यांचं बोलली नव्हती तुमच्याकडे. आज पिल्लं पोहायला लागली.

व्याही : पोहायला... चिमे! खरं सांगताहेत का गं हे? मला खोटं बोलून बरं वाटवू नका कुणी.

सून : खरं, अण्णा, अगदी खरं! एक भटकलं होतं, नराने तोंडात उचललं आणि परत खड्ड्यात आणून सोडलं!

व्याही : त्याचा आजा अगदी तस्साच करायचा! किती आहेत? बरी आहेत ना? अहो, माझा चष्मा कुठेय... चष्म्याने काय ऐकणार आहे मी!

सासरे : चष्मा घ्याच आणि इकडे या. टाकीजवळ खाट घालायला जागा आहे. चार दिवसांसाठी नव्हे, चांगले ऐसपैस राहायला या. मलाही दिवसभर बोलायला माणूस हवंय, ही दोघं कामावर जातात आणि आमची ही मला चूळ भरण्यावरून चिडवते.

व्याही : येतो. आजच विचारतो मुलाला. एक सांगा, जमीन कशी झालीय खालची? चिमी म्हणत होती, तुम्ही स्वतः वाळू घातलीत. तुमच्या हातचं काम म्हणजे आरशासारखं असणार.

सासरे : छे हो. लेव्हल पार गेलीय. जिकडे बघावं तिकडे खड्डे आणि ढिगारे. इतकं ओबडधोबड काम मी आजवर कुठे सोडून आलो नव्हतो. पण राहणाऱ्यांना पसंत आहे.