टकलावरचा खोडवा

सांगलीत प्लास्टिक सर्जरी करायची तर शेतीही यावी लागते, गड्यांनो. लेकीच्या लग्नात मिरवायचं म्हणून पलूसच्या एका ऊसवाल्या अण्णांनी माझ्याकडून टकलावर केस लावून घेतले. महिन्याभरात ते झडले, तसे अण्णा बायकोला घेऊन तणतणत आले. "डाक्टर, सगळी लागण वाया गेली की वं!"

मी म्हटलं, "अण्णा, असंच होतं. मुळं आत शाबूत आहेत. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो ना, तसे लग्नापर्यंत पुन्हा फुटतील."

अण्णा गार झाले. काकूंनी मात्र नवऱ्याचं डोकं नीट निरखलं आणि गंभीरपणे विचारलं, "आवं, पर खोडव्याआदी आमी रानातलं उसाचं वाळलं पाचट पेटवून देतो. काडीपेटी हाय का हितं?"