आकाशाचं काम

नव्व्याण्णव सालची गोष्ट. मल्लेश्वरमच्या बसस्टॉपवर पुढचे दोघे मराठीत बोलू लागले, तसे सकवारबाईंचे कान टवकारले. इथे मराठी कुणाला कळतंय, अशा थाटात त्यांचं बिनधास्त चाललं होतं.

"नागोजीअण्णा, तुमच्या ऑफिसची टीम शहरात पहिली आली म्हणे?"

"मग! आकाशातले आवाज इंटरनेटवरून आमच्याकडे येतात. परग्रहावरून कुणी बोलतंय का, ते कॉम्प्युटर रिकामा असला की तपासतो."

"आणि तुम्ही काय करता?"

"काही नाही. आपण हात लावला की तपासणी थांबते."

"मग पहिले कसे आलात?"

"अरे, बाकीच्या ऑफिसांत लोक मधेमधे स्वल्प काम करतात."

"तुमच्यात?"

"बाराच्या बारा कॉम्प्युटरांना तीन महिन्यांत कुणाचं बोट लागलेलं नाही. याला म्हणतात एकजूट! पण आजपासून येलहंक्याहून नवी साहेबीण येतेय. भारी कामसू आहे म्हणे."

"मग?"

"मग आकाशाचं काही खरं नाही."

बस आली. सकवारबाईंनी बदलीचा हुकूम पर्समध्ये नीट सारला.

"चढा लवकर, नागोजीअण्णा," त्या ठसक्यात मराठीत म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी आपल्या दोघांनाही उशीर नको."