सतरा प्रतिज्ञापत्रं आणि एक घमेलं माती

मी मूळचा नामपूरचा. वडील कांद्याच्या बाजारात हमाल, ते म्हणायचे, मी पाठीवर खाल्लं, तू बोटांवर खा, म्हणून मला नाशिकला टायपिंगच्या क्लासात घातलं. सत्तर सालानंतर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल लागलं. काय सांगू तुम्हाला, लय लोकांची दुखणी या बोटांतून गेली, पण एक बोटांना लागूनच राहिलं.

देवळ्याकडं एका वस्तीच्या वरच्या अंगाचा, पाटबंधारे खात्याचा मातीचा बांध फुटला. घरं गेली, माणसं गेली. मोर्चे निघाले तेव्हा सरकारनं चौकशी आयोग नेमला, एक निवृत्त न्यायाधीश. आयोग म्हणजे कोर्ट नाय, हे मलाही तेव्हाच कळलं. आयोग माणसाला बोलावतो, शपथ देतो, कागद मागवतो, पण शिक्षा देऊ शकत नाय, त्यानं शोधायचं आणि सरकारला लिहून द्यायचं, आणि काय शोधायचं तेही सरकारच ठरवणार. इथं दोन प्रश्न होते, बांध कशानं फुटला, आणि आधी कुणी खात्याला सावध केलं होतं का. खातं म्हणे, कुणीच नाय. वस्ती म्हणे, आम्ही सांगून थकलो.

पेपरात जाहिरात आली, माहिती असेल त्यानं मुदतीत प्रतिज्ञापत्र द्यावं. शेवटच्या दिवशी सतरा जण एसटीनं आले आणि माझ्यापुढं बसून एकदमच बोलायला लागले. सकराबाई म्हणून मजूर बाई, तिचा नवरा वाहून गेलेला, ती मातीचं काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, मावशी, आवरा, पाचला कचेरी बंद होते. आणि मी काय केलं, सतराही कागदांवर एकच वाक्य ठोकलं, सदर गळतीबाबत मी संबंधित अधिकाऱ्यांना वेळोवेळी कळविले होते. नावं तेवढी बदलली. मला वाटलं, झकास झालं.

सुनावणी सरकारी विश्रामगृहात. खात्याच्या वकिलानं सतरा कागद ओळीनं मांडले आणि सकराबाईला विचारलं, सतरा तोंडं आणि वाक्य एकच, कुणी पढवलं, बाई? ती घाबरली, म्हणाली, टायपिंगवाल्यानं लिवलं. लोक हसले. वकील म्हणाला, ही सगळीच साक्ष बाद धरा. मी मागच्या बाकावर होतो. तो वकील माझं गिऱ्हाईक, निम्मं काम त्याचंच.

बायको म्हणाली, गप राहा, लिंबाची सावली जाईल. दुसऱ्या दिवशी मी माझंच प्रतिज्ञापत्र टाइप केलं, वाक्य माझं हाय, या लोकांचं नाय, त्यांनी वेगवेगळं सांगितलं, मी ऐकलं नाय. ते घेऊन आयोगापुढं गेलो तेव्हा आयोगाचा वकील म्हणाला, इथं दिलेली साक्ष पुढं कोर्टात तुमच्यावर वापरता येत नाय, फक्त खोटं बोलू नका. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, तुमची घाई या लोकांना भोवली असती. आणि सतराही जणांना परत बोलावलं.

सकराबाई म्हणाली, बांधाच्या बुडाची माती घमेल्यात भरली आन खात्याच्या साहेबाच्या टेबलावर ओतली, म्हटलं बघा, ऐन उन्हाळ्यात ही ओली का हाय. न्यायाधीश म्हणाले, मग? ती म्हणाली, मग काय, साहेब म्हणला, टेबल पूस. म्या पदरानं पुसलं.

या वेळी कुणी हसलं नाय.

अहवाल विधानसभेत यायला ऐंशी साल उलटलं, सोबत सरकारचं टिपण, यातलं आम्ही काय करू आणि काय नाय. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, त्यामुळं शिक्षा कुणालाच झाली नाय, तो साहेब तर बढती घेऊन गेला होता. पण अहवालात लिहिलंय, खात्याला सावध केलं होतं, सकराबाईची साक्ष भरवशाची हाय.

त्या वकिलाकडून येणारं काम गेलं ते गेलंच. आता कुणी आलं की मी आधी हात मांडीवर ठेवतो, म्हणतो, सांगा, पहिल्यापासून. सकराबाई नाशिकला आली की लिंबाखाली टेकते, दर खेपेला विचारते, माझी माती हाय ना रं त्या कागदात? मी म्हणतो, हाय, मावशी. मग ती उठते, माझ्या बोटांवरून हात फिरवते, म्हणते, शाबूत राहू दे बाबा ही, अजून लय लोक सांगायचे राहिलेत.