चालू शेगडी

…आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "काका, तुमचं नक्की काय बिघडलंय?" माझं! अहो, बत्तीस वर्षं मी शेगड्या दुरुस्त करतोय, माझं काय बिघडणार? एक साधी फिरतीवरची शेगडी घ्यायची होती, पिशवीत मावेल, डोंगरावर चहा होईल, बस! पण तुम्हाला सांगतो, माझ्या दुकानात चालू शेगडी घेऊन आजवर कोणी आलेलं नाही. रुसलेल्या, तुंबलेल्या, भुवया जाळलेल्या, सगळ्या माझ्याकडे. मग मी विश्वास ठेवायचा कोणावर?

आणि चहा कोणासाठी, तर बायकोसाठी. ती आयुष्यात एकदाच काही मागते, "अहो, लग्न झाल्यापासून चहा मी करतेय. गुडघे साथ देतायत तोवर एकदा डोंगरावर जाऊ. मी बसणार, तुम्ही करणार." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, घेतो शेगडी. हे बोललो मार्चमध्ये. आता डिसेंबर.

कारण दुकानदार दाखवतो गॅसच्या डब्याची, "काका, डबा फिरवा, पेटवा, चहा प्या!" हो, आणि थंडीत डब्याचा जोर गेला म्हणजे? "मग स्पिरिटची घ्या, बिघडायला त्यात काही नाहीच!" नाही ना, पण उन्हात ज्योत दिसत नाही, वारा सुटला की पाणी कोमटावर अडतं, आणि बायकोला कोमट चहा दिला तर संसारात पुढे काय होईल याची हमी कोण देणार? "मग रॉकेलची, पंपाची!" अरे बाबा, पंपाचा वायसर सुकतो, बारीक भोक तुंबतं, माझं अर्धं आयुष्य त्या भोकात पिन घालण्यात गेलं! तो म्हणाला, "मग घरून थर्मास न्या." मी उठून आलो.

असे सात वेळा उठून आलो. आठव्यांदा बायको बरोबर आली, गॅसची उचलली, म्हणाली, "रविवारी निघायचं." संपलं.

रविवारी चढलो. तिच्या पिशवीत साखर, चहा, दूध, दोन कप. माझ्या पिशवीत पाने, पकड, वायसर, पिना… ती दर वीस पावलांना गुडघा धरून थांबायची, मी दर वीस पावलांना पिशवी धरून. पोचलो. ती दगडावर बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर, अगदी पाहुणीसारखी. मी डबा फिरवला, काडी ओढली आणि तुम्हाला सांगतो… पेटली! पहिल्या काडीला! निळीशार ज्योत, फुरफुर नाही, वास नाही, काळं नाही. पाण्याला बुडबुडे यायला लागले.

मी घाबरलो.

म्हटलं, "काहीतरी गडबड आहे." ती म्हणाली, "अहो, पाणी उकळतंय." मी म्हटलं, "तेच तर!" अहो, इतकं सुरळीत? माझ्याकडे चालू शेगडी घेऊन कोणी येत नाही हो, चालू शेगडी आतून कशी असते हे मला काय ठाऊक? विझवली. रीतसर गार होऊ दिली. उघडली. आत काय होतं? काही नाही! सगळं जागच्या जागी! आणि गॅस सोडणारं ते मोहरीएवढं नॉझल बोटांतून सुटलं आणि गेलं गवतात.

तासभर शोधलं. तिने साखर पिशवीत घातली, चहा पिशवीत घातला, दूध मात्र ती प्यायली. थंड. उतरताना एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी परत. पाने घरी."

वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, बत्तीस वर्षांत माझ्या हाताला लागलेली ती पहिली चालू शेगडी. सध्या माझ्याच दुकानात आहे. दुरुस्तीला.