सायबाच्या फिलमातली गिरजा

पोलंडचे सिनेमावाले सायेब मागल्या पौषात वारले. आमची गिरजा त्याच्या आधी भादव्यात गेली, कावीळ झाली अन् पंधरा दिसांत गेली.

मी मारुती, धनगराचा. चारठाण्याच्या शिवारात जन्मलो, बाप मेंढरं राखायचा, मीबी तेच करायलोय, शाळा न्हाई. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन सेलू-मानवतकडं जायचं, लोकांच्या रानात खतासाठी बसवायची, बायको गिरजा संगं. सायेब आलते ते गावातली जुनी देवळं बघायला, तर देवळामागं आमची मेंढरं दिसली अन् देवळं ऱ्हायली बाजूला. चार वर्सं झाली त्याला. संगं पुण्याची एक बाई होती, त्यांची बोली शिकलेली, ती इकडचं तिकडं सांगायची. दोन महिने सायेब आमच्या मागं चालले, सत्तरीचं माणूस, पांढरी दाढी, रिळाचा जुना कॅमेरा, अन् गिरजाच्या हातची भाकर लय खुषीनं खायचे.

सायबाचं काय सांगू तुमाला, तेबी आमच्यावानीच गरिबाघरचे. बाप कोळशाच्या खाणीत. पोरगं हुशार म्हणून सिनेमाच्या शाळेत गेलं, अन् पहिला सिनेमा केला तो नट-नट्यांचा न्हाई, खाणीतल्या लोकांचा. त्या लोकांनी संप केलता, सायबानं समद्यांची तोंडं टिपली, सरकारनं रिळं जप्त केली अन् तोंडं बघून बघून माणसं उचलली, त्यात सायबाचा सख्खा भाऊ. सायबाचा सिनेमा बंद झाला, लय वर्सं ट्राम चालवली, मग तिकडचं राज बदललं तवा परत कॅमेरा हातात आला, मोठमोठी इनामं मिळाली. गिरजानं इचारलं, भाऊ बोलला का पुन्ना. बाईनं ते तिकडं सांगितलं. सायेब भाकर मोडत म्हणले, न्हाई, मेला तरी न्हाई. तवापासून त्यांचा नेमच होता, माणूस नको म्हणला की त्याचं तोंड ठेवायचं न्हाई.

गिरजाला कॅमेऱ्याचं भ्या न्हवतं. कोकरू आईखाली लावायची अन् तिकडं बघून हसायची. मग बाजारात सोयरे म्हणायले, काय मारुती, मेंढरं इकून आता बायको नाचवतो का. माझं डोकं फिरलं. सायबाला म्हणलं, मेंढरं दावा, हात दावा, बायकोचं तोंड दावायचं न्हाई, टिपलेलंबी ठेवायचं न्हाई. गिरजा म्हणली, मेंढराचं तोंड चालतंय अन् माझं न्हाई होय, मी काय मेंढराहून वंगाळ हाय का. सायबानं तिलाबी इचारलं. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली, मग म्हणली, हे म्हणतेत तसं. सायबानं तिथंच तसा कागद लिवला, बाईनं वाचून दावला, मी अंगठा दिला.

आता घरी तिची तसबीर म्हणाल तर आधार कार्डावरची, त्यात ती गिरजा वाटतच न्हाई, दुसरीच कुणी बाई धरून बसवल्यावानी. ती गेल्यावर मला एकच आस लागली, सायबाच्या रिळात ती हसती हाय, हसती हाय. बाईला फोन लावला. त्या म्हणल्या, सायबानं काय ठेवलं मला ठाऊक न्हाई, अन् ते लय आजारी हायेत, बोलत न्हाईत.

होळीच्या आधी बाई फिलम घेऊन आल्या, लॅपटॉपवर. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली, तिथंच बसून बघितली. धुरळा दिसला, मेंढरं दिसली, गिरजाचे हात, पाठीवरची घोंगडी, चालते पाय. मग तिची हाळी आली, ये ये ये, हुर्र, अन् जाळीतल्या मेंढरांनी माना वर केल्या, दोन-तीन म्हाताऱ्या मेंढ्या तर वरडत जाळीपाशी आल्या. मी बघतच ऱ्हायलो, आता वळंल, आता वळंल. फिलम सरली.

म्या म्हणलं, बाई, बाकीचं रीळ कुठंय. त्या म्हणल्या, इचारते. म्या म्हणलं, परत कागद करा, माझी इजाजत हाय म्हणून लिवा, दहा बोटं उठवून देतो.

परवा बाईंचा फोन आला. सायबाच्या लेकीनं समदे डबे उघडून बघितले. गिरजाच्या तोंडाची रिळं सायबानं घरी गेल्या गेल्या सोताच्या हातानं जाळली, तसं त्यांच्या वहीत लिवलेलं हाय. लेकीनं आमच्या कागदाची नक्कल धाडली. खाली सायबाची सही हाय, बाजूला माझा अंगठा.